कर गेला, चव राहिली

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील अबकारी खात्यात होते आणि त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा ते नोकरीत नवे होते. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, ओढ्याकाठच्या आणि डोंगरातल्या हातभट्ट्या शोधत काढली. पकडलेल्या मालाची परीक्षा करायची अण्णांची एक रीत होती. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे आणि ओंजळ नाकाशी न्यायची. हातावरचं स्पिरिट क्षणात उडून जायचं. मागं जो वास राहायचा त्यावरून ते सांगायचे, हा गुळाचा माल, हा मोहाचा, यात नवसागर जास्त पडलाय. त्यांच्या उजव्या भुवईवर एक व्रण होता. एका छाप्यात अंधारातून आलेल्या दगडाची ती खूण. आई म्हणायची, "पिणारे पिऊन मोकळे झाले आणि न पिणाऱ्याचं डोकं फुटलं."

हे सगळं मला इतक्या वर्षांनी आठवलं ते डब्लिनमध्ये, २०१९ च्या सप्टेंबरात. मुलगी तिथं नोकरीला आहे, तिच्याकडं दोन महिने राहायला गेलो होतो. मी इतिहासाचा मास्तर. आयर्लंड म्हटलं की मला बटाट्याचा दुष्काळ आठवतो, डी व्हॅलेरा आठवतात, आणि टिळकांनी व अॅनी बेझंट यांनी तिथूनच उचललेला 'होमरूल' हा शब्द आठवतो. व्हिस्कीचा आणि माझा संबंध लग्नसमारंभापुरता. त्यामुळं जावयानं "बाबा, उद्या संध्याकाळी व्हिस्की चाखायला जायचंय," असं सांगितलं तेव्हा मी जरा अवघडलोच. पण त्या संध्याकाळी एका लहानशा पेल्यात जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास भेटला. तोच आज सांगणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. दारू प्या, असं सांगण्यासाठी मी इथं बसलेलो नाही. अबकारी निरीक्षकाच्या मुलाला ते शोभणारही नाही. पण एखाद्या समाजाचा इतिहास त्याच्या ताटात असतो तसा पेल्यातही असतो, आणि तो वाचायला नशा लागत नाही.

ज्या व्हिस्कीविषयी मी बोलतोय तिचं नाव 'सिंगल पॉट स्टिल'. ही फक्त आयर्लंडची. आता हे नाव म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. 'पॉट स्टिल' म्हणजे तांब्याची मोठी हंडी. खालून उष्णता द्यायची, वाफ वरच्या नळीतून न्यायची आणि थंड करून तिचे थेंब गोळा करायचे. गोव्यात फेणीची भाटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस एकदा भाटीतून काढला की उर्राक मिळते, ती पुन्हा भाटीत घातली की फेणी. आयर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी हा फेरा तीनदा होतो. शेवटी हाती येणाऱ्या द्रवात मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर असतो. आणि एक गंमत. आपल्याकडं 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, कडक. तिथं पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात. ती पुन्हा हंडीत जाते. पिंपात भरायची ती मधली धार. 'सिंगल'चा अर्थ एवढाच की सगळी व्हिस्की एकाच डिस्टिलरीतली.

खरी मेख मात्र हंडीत नाही, धान्यात आहे. व्हिस्कीसाठी जव लागतात. आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, तसंच जवाला मोड आणून वाळवलं की त्याचं 'माल्ट' होतं. मोड येताना दाण्यात पाचक द्रव्यं तयार होतात, ती पिठाची साखर करतात आणि साखरेचं यीस्ट मद्य करतं. स्कॉटलंडची 'सिंगल माल्ट' निव्वळ अशा मोडाच्या जवाची. आयर्लंडच्या सिंगल पॉट स्टिलमध्ये मात्र मोडाच्या जवाबरोबर कच्चे, बिनमोडाचे जवही मोठ्या प्रमाणात असतात. मोडाच्या दाण्यांतली पाचक द्रव्यं कच्च्या दाण्यांचंही काम करून देतात. पण कच्च्या जवाचा लगदा चिकट, बुळबुळीत होतो. तो गाळायला जिकिरीचा. मग ही कटकट हवी कशाला? मोड आणलेलं धान्य हाताशी असताना कुणी मुद्दाम कच्चं धान्य का घालेल?

उत्तर अण्णांच्या खात्यात आहे. म्हणजे करात.

आयर्लंडमध्ये मद्यावर कर बसला तो १६६१ साली, नाताळच्या दिवशी. घरोघरी, शेतोशेती लहान भट्ट्या होत्या. लोकांनी कराकडं फारसं लक्ष दिलं नाही. मग १७७९ मध्ये नवा कायदा आला. किती दारू प्रत्यक्षात काढली ते न मोजता, तुमची हंडी एवढी मोठी, तेव्हा इतक्या दिवसांत इतकी दारू निघालीच असणार, असं धरून कर लावायचा. हिशेब सरकारच्या सोयीचा. ज्याला रात्रंदिवस भट्टी पेटती ठेवणं परवडलं तो तगला. लहान भट्टीवाले एक तर बंद झाले, नाही तर डोंगरात गेले. डोंगरातल्या त्या चोरट्या दारूचं नाव 'पचीन', लहान हंडी या अर्थाचा आयरिश शब्द. चोरटी भट्टी सापडली आणि मालक सापडला नाही तर अख्ख्या गावठाणावर दंड बसवण्याची तरतूद होती. मुंबई इलाख्यातला १८७८ चा अबकारी कायदा आणि ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करायलाच बंदी घालणारा १८९२ चा कायदा ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. एकाच साम्राज्याची ती दोन टोकं.

आणि १७८५ मध्ये कर थेट माल्टवर आला. तोही मोडाच्या धान्यावर. कच्च्या धान्यावर नाही. डब्लिनच्या भट्टीवाल्यांनी काय करावं? त्यांनी मोडाचं धान्य कमी केलं आणि कच्चं वाढवलं. कच्चे जव, थोडे ओट, थोडी राय किंवा गहू. कच्चं धान्य मिसळण्याची रीत काही ठिकाणी आधीही होती, पण या करानं ती सार्वत्रिक आणि पक्की केली. पैसे वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड. पण पिंपातून जे बाहेर पडलं ते लोकांच्या जिभेला लागलं. जरा दाट, तेलकट, साईसारखं आणि मागून लवंग-सुंठेसारखा चटका देणारं. पुढं १८८० मध्ये ग्लॅडस्टननं माल्टवरचा कर रद्द केला, तरी डब्लिनकरांनी कच्चे जव सोडले नाहीत. गिऱ्हाईकाला तीच चव हवी होती. कर गेला, चव राहिली.

आता एका माणसाविषयी सांगतो. त्याचं चरित्र वाचताना मला सारखे अण्णा दिसत होते. इनियस कॉफी हा आयर्लंडच्या अबकारी खात्यातला अधिकारी. १८१० मध्ये डोनेगल भागात चोरट्या भट्टीवाल्यांच्या जमावानं त्याला गाठलं. कवटी फुटली, अंगावर संगिनीच्या जखमा झाल्या. तो वाचला, खात्यात चढत चढत अबकारीचा सर्वोच्च निरीक्षक झाला आणि १८२४ मध्ये नोकरी सोडून स्वतःच मद्य गाळू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भट्ट्या पाहिलेल्या या माणसानं १८३० मध्ये एका नव्या यंत्राचं पेटंट घेतलं. ही हंडी नव्हती, दोन उंच स्तंभ होते. एकीकडून आंबवलेला द्रव अखंड ओतत राहायचा, दुसरीकडून स्पिरिट अखंड येत राहायचं. हंडीसारखं भरा, तापवा, रिकामी करा, धुवा, असं नाही. इंधन कमी, माणसं कमी, माल भरपूर. फक्त तो माल हलका आणि जवळजवळ बिनचवीचा होता.

कॉफीच्या गावभाऊंनी, डब्लिनच्या मोठ्या भट्टीवाल्यांनी, या यंत्राकडं पाहून नाक मुरडलं. ही व्हिस्कीच नव्हे, असं त्यांचं मत. स्कॉटलंडमध्ये मात्र ते यंत्र उचललं गेलं. तिथल्या व्यापाऱ्यांनी यंत्रावरचं हलकं स्पिरिट आणि हंडीतली माल्ट व्हिस्की यांचं मिश्रण करायला सुरुवात केली. त्यातून ज्याला आपण सरसकट 'स्कॉच' म्हणतो ते स्वस्त, सौम्य आणि दर खेपेला एकसारखं पेय तयार झालं. एका आयरिश अबकारी अधिकाऱ्याच्या यंत्रानं स्कॉटलंडचं भाग्य उजळलं.

पण हे नंतरचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्लिनला आपल्या धंद्याची काळजी वाटावी असं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम थॉमस स्ट्रीटवर चालत गेलो. हा रस्ता म्हणजे त्या वैभवाची पडझड झालेली पेठ. एका टोकाला जुन्या पवनचक्कीचा उंच बुरूज उभा आहे. पाती गेली, बुरूज राहिला. ती जॉर्ज रो यांच्या डिस्टिलरीची पवनचक्की. भरात असताना ही डिस्टिलरी वर्षाला २० लाख गॅलनच्या वर मद्य गाळत असे. थोडं पुढं जॉन पॉवर यांची डिस्टिलरी होती. आज त्या जागेत कला महाविद्यालय आहे आणि त्याच्या अंगणात तांब्याच्या तीन अजस्र हंड्या उघड्यावर, पावसात हिरव्या पडून उभ्या आहेत. मुलंमुली त्यांच्या कडेला बसून डबा खात होती. जवळच क्राइस्ट चर्च कॅथीड्रल आहे. या मध्ययुगीन चर्चचा १८७० च्या दशकात झालेला जीर्णोद्धार हेन्री रो यांच्या पैशातून झाला. म्हणजे व्हिस्कीच्या पैशातून. आपल्याकडं शेटजींनी देवळाला कळस चढवावा तसं.

रो, पॉवर, जॉन जेम्सन आणि विल्यम जेम्सन या डब्लिनच्या चार मोठ्या पेढ्या. दक्षिणेला कॉर्कजवळ मिडलटनला जी डिस्टिलरी होती तिथली हंडी ३१ हजार गॅलनच्या वर, म्हणजे १ लाख ४० हजार लिटरहून मोठी. ती आजही तिथं पाहायला मिळते. १८८० च्या दशकात आल्फ्रेड बार्नार्ड नावाच्या इंग्रजी पत्रकारानं ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या डिस्टिलऱ्यांचा दौरा केला. १८८७ च्या त्याच्या पुस्तकात आयर्लंडच्या २८ डिस्टिलऱ्यांची नोंद आहे. आयरिश व्हिस्की त्या काळी महाग आणि मानाची होती. स्पेलिंगमध्येही डब्लिनवाले एक जादा 'ई' घालत, आमचा माल वेगळा आहे हे कळावं म्हणून. मराठीत दोन्हींची 'व्हिस्की'च होते, त्यामुळं ही मिजास आपल्यापर्यंत पोचली नाही.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. जून १८७५ मध्ये याच वस्तीत एका गोदामाला रात्री आग लागली. पिंपं फुटली आणि पेटती व्हिस्की रस्त्यांतून वाहू लागली. लोक टोप्यांनी, बुटांनी ती भरून पिऊ लागले. त्या रात्री १३ माणसं मेली. भाजून कुणी मेलं नाही. सगळे पिऊन मेले. मोठमोठ्या डिस्टिलऱ्यांच्या सावलीत दारिद्र्याची केवढी वस्ती होती ते यावरून कळावं. अण्णा असते तर म्हणाले असते, "बघ, हेच मी सांगत होतो."

१८७८ मध्ये या चार पेढ्यांनी मिळून एक पुस्तक छापलं. 'ट्रुथ्स अबाउट व्हिस्की', म्हणजे व्हिस्कीविषयी काही सत्यं. यंत्रावरच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणणं ही फसवणूक आहे, असा त्यांचा दावा. शास्त्रदृष्ट्या आणि चवीच्या दृष्टीनं त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण बाजार तत्त्वावर चालत नाही. १९०८ मध्ये ब्रिटिश सरकारनं शाही आयोग नेमला आणि १९०९ मध्ये त्यानं निकाल दिला की यंत्रावरच्या स्पिरिटलाही व्हिस्की म्हणता येईल. डब्लिनचा कज्जा तिथं संपला.

त्यानंतर एकामागून एक संकटं आली. १९१६ च्या ईस्टर उठावात मॅरोबोन लेनची जेम्सन डिस्टिलरी बंडखोरांनी ठाणं म्हणून ताब्यात घेतली होती. पुढं स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवी. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी, म्हणजे एक मोठं गिऱ्हाईक गेलं. १९३२ ते १९३८ डी व्हॅलेरांच्या आयर्लंडचं ब्रिटनशी व्यापारयुद्ध, म्हणजे ब्रिटन आणि साम्राज्यातलं गिऱ्हाईक दुरावलं. रो यांची डिस्टिलरी १९२० च्या दशकात थंडावली. १९६६ मध्ये उरलेल्यांपैकी तिघांनी, म्हणजे जेम्सन, पॉवर आणि कॉर्कच्या मंडळींनी, एकत्र येऊन 'आयरिश डिस्टिलर्स' ही कंपनी काढली. १९७१ मध्ये जेम्सनची बो स्ट्रीटवरची भट्टी विझली, १९७६ मध्ये पॉवरची. १९७५ पासून सगळं काम मिडलटनच्या एका नव्या कारखान्यात गेलं. उत्तरेतली बुशमिल्स धरून अख्ख्या बेटावर दोन डिस्टिलऱ्या उरल्या. आणि ज्या मिश्रणाला आजोबांनी खोटं म्हटलं होतं, तेच मिश्रण नातवांनी जेम्सन आणि पॉवर्स या नावांनी बाटल्यांत भरलं. करणार काय? जगायचं होतं.

मग ती जुनी, निखळ चव वाचली कशी? इथं मोठ्या पेढ्यांचा वाटा कमी आणि किराणा-वाइन विकणाऱ्या दुकानदारांचा जास्त आहे. जुन्या काळी डिस्टिलरी बाटल्या भरत नसे. दुकानदार आपली पिंपं घेऊन यायचा, नवं मद्य भरून न्यायचा आणि आपल्या तळघरात मुरवून आपल्या नावानं विकायचा. डब्लिनचं मिचेल अँड सन हे १८०५ चं दुकान. त्यांच्याकडं स्पेनहून शेरीची पिंपं यायची. शेरी विकली की त्याच पिंपात जेम्सनची व्हिस्की. पिंप किती वर्षांचं ते कळावं म्हणून त्यावर रंगाचा ठिपका. निळा सात वर्षांचा, हिरवा दहा, पिवळा बारा, लाल पंधरा. त्यातला हिरवा ठिपका लोकप्रिय झाला आणि 'ग्रीन स्पॉट' हेच नाव पडलं. तसंच गिल्बी या वाइन व्यापाऱ्यांचं 'रेडब्रेस्ट', म्हणजे तांबड्या छातीचा रॉबिन पक्षी. हे नाव १९१२ पासूनचं.

जेम्सनची भट्टी बंद झाली तेव्हा मिचेल मंडळींनी नव्या कंपनीशी करार केला, आमचा हिरवा ठिपका चालू राहिला पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्याला रेडब्रेस्टचा साठा संपला. आयरिश डिस्टिलर्सनं ते नाव विकत घेतलं खरं, पण बाटली पुन्हा दुकानात यायला १९९१ उजाडलं. मधली काही वर्षं, जिनं एकेकाळी लंडन गाजवलं ती व्हिस्की निखळ रूपात म्हणजे जवळजवळ एकटी ग्रीन स्पॉट होती. वर्षाला काही शे पेट्या. गावातल्या एका दुकानानं, ठरलेली गिऱ्हाइकं मागतात म्हणून, धरून ठेवलेली.

आता त्या संध्याकाळकडं येतो. एका दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही आठ जण बसलो होतो. चाखवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, हयात याच धंद्यात गेलेली. त्यांनी आधी एका कुपीतून भट्टीतून नुकतंच निघालेलं, पिंपात न मुरलेलं, पाण्यासारखं स्वच्छ स्पिरिट प्रत्येकाच्या तळहातावर थेंबभर घातलं. म्हणाले, "चोळा, जरा थांबा आणि वास घ्या." मी चोळलं. ओंजळ नाकाशी नेली. क्षणभर मी त्या खोलीत नव्हतो, कुलाबा जिल्ह्यातल्या आमच्या ओसरीवर होतो. ओंजळीत वास होता ओल्या धान्याचा, हिरव्या सफरचंदाचा, आणि त्यामागं चक्क जवसाच्या चटणीचा. त्या गृहस्थांना मी तो इंग्रजीत सांगितला. ते हसले, म्हणाले, पॉट स्टिलची हीच ओळख, जवसाचं तेल. हंडीवरची जुनी माणसं असंच ओळखतात.

मग पेले आले. बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास आत कोंडून राहतो. बर्फ नाही, सोडा नाही. ओठ किंचित उघडे ठेवून पेला हळूच नाकाशी न्यायचा. नाक आत खुपसलं तर नुसतं स्पिरिट झोंबतं. पहिला घोट अगदी लहान, तो जिभेला ओळख करून द्यायला. दुसरा घोट जिभेवर सगळीकडं फिरवायचा. मग दोन-तीन थेंब साधं पाणी घालून पुन्हा वास. पाण्यानं दबलेले वास वर येतात. ग्रीन स्पॉट हलकी, सफरचंद आणि कोवळ्या धान्याची. बारा वर्षांची रेडब्रेस्ट शेरीच्या पिंपामुळं मनुका-खारकांकडं झुकणारी. पण दोन्हींत एक गोष्ट समान होती. घोट तोंडात असताना साय फिरल्यासारखं वाटायचं आणि गिळल्यावर घशाशी लवंगेचा, सुंठेचा चटका रेंगाळायचा. गृहस्थ म्हणाले, "वास पिंपाचा असेल, पण हा पोत आणि हा चटका कच्च्या जवाचा."

म्हणजे १७८५ च्या त्या कराचा! मी पेला तसाच हातात धरून बसलो. आम्ही वर्गात कायदे शिकवतो, सनावळी पाठ करून घेतो. कायद्याचे परिणाम म्हणून दंगे, बंडं, स्थलांतरं सांगतो. कायद्याला चवही असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढची हकिगत आनंदाची आहे. २०११ मध्ये आयरिश डिस्टिलर्सनं या जातीला 'सिंगल पॉट स्टिल' हे नाव देऊन नव्या बाटल्या बाजारात आणल्या. आधी 'प्युअर पॉट स्टिल' म्हणत. त्यातली एक बॅरी क्रॉकेट यांच्या नावाची. मिडलटनच्या आवारातल्या घरात जन्मलेले क्रॉकेट वडिलांच्या मागून तिथले मुख्य गाळणकार झाले होते. पिवळा, लाल आणि निळा ठिपकाही परत आले. २०१५ मध्ये टीलिंग कुटुंबानं डब्लिनच्या त्याच जुन्या वस्तीत नवी डिस्टिलरी सुरू केली. त्या शहरात सव्वाशे वर्षांत झालेली ती पहिली. २०१० मध्ये बेटावर चारच डिस्टिलऱ्या चालू होत्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत ही संख्या चाळीसच्या आसपास गेली.

आणि सरकार? ते पुन्हा आलंच. २०१४ च्या नियमावलीत सिंगल पॉट स्टिलची व्याख्या ठरली. किमान ३० टक्के मोडाचे जव, किमान ३० टक्के कच्चे जव आणि इतर धान्यं फार तर ५ टक्के. मद्य तीन वर्षं तरी लाकडी पिंपात मुरलं पाहिजे. जुनी दप्तरं तपासलेले काही नवे उत्पादक यावर नाराज झाले. त्यांचं म्हणणं, आमच्या पणजोबांच्या मिश्रणात ओट, राय, गहू याहून पुष्कळ जास्त असत. या नियमानं त्यांची व्हिस्की आज बेकायदा ठरली असती. ही मर्यादा वाढवा, अशी त्यांची मागणी. चुकवायच्या करातून जन्मलेल्या चवीला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि आता त्या संरक्षणाशीच भांडण. इतिहासाला विनोदाची आवड असते.

परतताना ट्राममध्ये मी जावयाला अण्णांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाबा, मग त्यांनाही वासावरून गावं ओळखता येत असतील." येत होती. कर्जतकडचा मोहाचा माल आणि पेणकडचा, यांतला फरक ते हातावर सांगायचे. मी ते ऐकलेलं आहे. पण फरक नेमका काय, फुलाचा, पाण्याचा की मडक्याचा, हे मी कधी विचारलं नाही. मला तेव्हा त्या वासाची लाज वाटायची. तो शर्टाला लागून घरात येऊ नये म्हणून आई त्यांचे कपडे परसात भिजत घालायची. आयर्लंडच्या चवीचा हिशेब पेढ्यांनी ठेवला, दुकानदारांनी ठेवला, पिंपावरच्या ठिपक्यांनीसुद्धा ठेवला. मोहाच्या फुलांचा हिशेब गुन्ह्यांच्या नोंदवहीत राहिला. त्या नोंदीत किती घागरी फोडल्या ते असे, वास कसा होता ते नसे. तो अण्णांच्या हातावर होता. अण्णा १९९४ मध्ये गेले.